हात मांडीखाली

बाळारामकाका कुणाला काही दुरुस्त करायला शिकवू लागले की आधी स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसायचे. पायरीवर, पाटावर, पालथ्या घातलेल्या बादलीवर, जिथे जागा मिळेल तिथे. समोरचा माणूस पाना उलटा फिरवतोय, स्क्रू हातातून पाडतोय, घामाघूम होतोय, आणि हा साठी उलटलेला माणूस आपल्याच हातांवर बसून बघतोय. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, यांच्या हातांना काही झालंय. काका सांगायचे, "मोकळं सोडलं का पुढं धावतात. मंग तू काय शिकशील? वस्तू तुजी, हात तुजा. मी नुसता बोलनार."

सापगावात मी घर बांधून राहायला आलो त्याला एकोणीस वर्षं झाली. काकांचं घर आमच्यापासून तिसरं. आयुष्यभर त्यांनी हातपंप दुरुस्त केले. नोकरीची पहिली वर्षं मुरबाड तालुक्यात, पार सिद्धगडाच्या पायथ्यापर्यंत, आणि पुढची सगळी शहापुरात, उंबरमाळीच्या वरच्या पाड्यांपर्यंत. माझी नोकरी धरणावर. रोज सकाळी ठरलेल्या वेळी पट्टीवरची पाणपातळी वाचायची आणि वहीत लिहायची. काम एवढंच, पण त्यात एका सेंटिमीटरचा फरक पडला तरी मला दिवसभर चैन पडत नाही. ही सवय कामावर ठेवून घरी येता येत नाही.

आमची ओळख झाली ती स्वयंपाकघरातल्या नळामुळे. नळ तीन आठवडे गळत होता आणि प्लंबर आज येतो, उद्या येतो म्हणत होता. मी मिनिटाला पडणारे थेंब मोजले. बेचाळीस. मग तासभर खाली मापाचं भांडं ठेवलं, त्यात सव्वाशे मिलिलिटर पाणी जमलं. म्हणजे दिवसाला तीन लिटर. हे सगळं मी काकांना कुंपणाशी उभं राहून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग मोजून बंद झाला काय रे?"

संध्याकाळी ते एक पाना घेऊन आले. पाना माझ्या हातात दिला, स्वतः ओट्याखालच्या पाटावर बसले आणि हात मांड्यांखाली घातले. आधी टाकीचा कॉक बंद कर, मग नळ उघडून नळीतलं पाणी जाऊ दे, मग वरचा नट सोडव, असं एकेक सांगत गेले. त्यांना पाच मिनिटं लागली असती. मला सव्वा तास लागला. नळाच्या पोटातून बोटाच्या पेराहून लहान असं काळं रबर निघालं, एका बाजूला खड्डा पडलेलं. वायसर. मी खिशातून कागद-पेन काढून त्याची जाडी लिहून घ्यायला लागलो, तर म्हणाले, "लिवू नको. ह्योच मुठीत ने. दुकानदाराच्या हातावर ठेव. तुज्या कागदावरना त्याला काय कळंल, ह्याच्यावरना कळंल." त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी मोजणीदार झालो. माझं नाव विलास आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण ते त्यांनी क्वचितच वापरलं.

जुना भाग टाकायचा नाही, हा त्यांचा नियम. निघालेलं वायसर, झिजलेली चकती, तुटलेली स्प्रिंग, सगळं एका तारेत ओवून नळाजवळ किंवा मीटरच्या खाली खिळ्याला अडकवायचं. पुढच्या वेळी नवा भाग आणायला जाताना ती तारच घेऊन जायची. हळूहळू आमच्या आळीतल्या घराघरांत अशी तार लटकू लागली. शहापूरच्या बाजारपेठेतला हार्डवेअरवाला हातात तार दिसली की विचारायचाही थांबला, सापगावचे का म्हणून. माझ्या बायकोने, नीताने, काकांकडून कुकरची शिटी, मिक्सरचा कपलर आणि गॅसच्या शेगडीचं बटण बदलायला शिकून घेतलं. ती माझ्यापेक्षा लवकर शिकली. तिला माप घेण्याची खोड नव्हती.

काकांच्या स्वतःच्या घरात एक वस्तू अशी होती की तिला दुसऱ्या कुणाचा हात लागत नसे. ती म्हणजे इंदूकाकूंचा कॅलिपर.

काकूंना लहानपणी पोलिओ झालेला. डावा पाय बारीक, गुडघ्यात जोर नाही. कॅलिपर म्हणजे मांडीपासून बुटापर्यंत पायाच्या दोन बाजूंनी जाणाऱ्या दोन लोखंडी पट्ट्या, चामड्याच्या पट्ट्यांनी बांधलेल्या. गुडघ्याशी दोन्ही पट्ट्यांना सांधा असतो आणि तो सांधा एका खिळ्यावर फिरतो. प्रत्येक पट्टीवर एक लोखंडी कडी असते. बसताना कडी वर ओढायची, की पाय दुमडतो. उभं राहताना पाय सरळ केला की दोन्ही कड्या आपसूक खाली पडतात आणि सांध्याला कुलूप लागतं. एक टक आतल्या बाजूचा, एक टक बाहेरच्या. दोन्ही ऐकू आल्याशिवाय काकू पाऊल टाकत नसत. काका अंगणात असोत, मागे विहिरीवर असोत, कुणाशी बोलत असोत, काकू उठल्या की ते बोलणं अर्धवट सोडायचे. दोन टक झाले की पुढचं वाक्य.

त्यांचं लग्नही त्यातूनच जमलेलं. सिद्धगडाखालच्या एका वाडीत काका पंप दुरुस्त करायला गेले होते. पाण्याला आलेल्या बायकांत काकू होत्या, आणि त्यांच्या कॅलिपरची एक कडी हरवून तिथे सुतळी बांधलेली होती. काकांनी पंपाच्या जुन्या पाइपचा तुकडा कापून, कानशीने घासून, तिथल्या तिथे कडी करून दिली. "पंप तसाच ऱ्हायला," काकू सांगायच्या. "गावानी शिव्या घातल्या ह्यांना. दुसऱ्या दिवशी पंपाला म्हनून आलं, ते बी आधी माजीच कडी बघाला." काका त्यावर फक्त हसायचे.

कॅलिपर बनवणारा मुंबईतला कारागीर केव्हाच दुकान बंद करून गेला होता. एका शिबिरात काकूंना नवा, हलका, प्लॅस्टिकचा मिळाला. त्यात त्यांचा तोल राहीना, दोनदा पडल्या, मग तो माळ्यावर गेला. जुन्याच्या पट्ट्या लग्नापासूनच्या चौतीस वर्षांत काकांनी त्यांच्या पायाप्रमाणे थोड्याथोड्या वाकवत आणलेल्या होत्या. चामडं बदललं, बूट बदलले, सांध्याचे खिळे तर कितीदा. हातपंपाच्या भंगारातल्या सळीतून ते खिळा कापायचे आणि घासून बरोबर मापाचा करायचे. खिळा झिजला की सांधा डगमगतो, सांधा डगमगला की कडी अर्ध्यात अडकते, आणि कडी अडकली की गुडघा मिटतो. मी एकदा विचारलं होतं, खिळ्याऐवजी भोकच झिजलं तर? काका कानस खाली ठेवून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "खिला नवा करता येतो रे. भोक कुठना आननार? आठ मिलिमीटरवर गेला ना, तर पट्टीच फाटंल." हे माप मात्र त्यांना तोंडपाठ होतं.

काकू पाय पुढे करून स्टुलावर बसायच्या आणि काका खाली बसून खिळा बदलायचे. तेवढ्या वेळापुरते त्यांचे हात मांडीखाली नसत. काकूंनी एकदा माझ्यासमोर म्हटलं, मलाही दाखवा, मी पण शिकते. काका वर न बघता म्हणाले, "तुला कशाला गो? मी हाय ना." तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट घरी येऊन मी ते नीताला कौतुकाने सांगितलं.

दिवाळीनंतर काकांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळतं सगळं, शब्द येणार नाहीत. घशातून फक्त "न्... न्..." एवढं यायचं, आणि ते हो म्हणतायत की नाही म्हणतायत, पाणी मागतायत की राग आलाय, हे आम्ही अंदाजाने ठरवायचो. त्यांची मुलगी मुरबाडला दिलेली. ती न्यायला आली होती, पण तिच्या घराला चौदा पायऱ्या. काकांना उचलून नेता आलं असतं, काकूंना रोज चढता-उतरता आलं नसतं. मग काकांची खाट पडवीत टाकली आणि काकूंनी सगळं स्वतःकडे घेतलं. चूल, पाणी, काकांचं पुसणं-सवरणं. आता ते घर काकूंच्या चालण्यावर चालत होतं, आणि काकूंचं चालणं त्या दोन कड्यांवर.

तीन महिन्यांनी एका दुपारी काकू आमच्या दारात आल्या. येताना मला आवाज ऐकू आला आणि काहीतरी कमी वाटलं. "बाहेरची कडी नीट पडत नाय रे," त्या म्हणाल्या. "दोनदा मी हातानी ढकलली. ह्यांना काय सांगू?"

मी लगेच गेलो. मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. इतक्या वर्षांत त्या कॅलिपरला हात लावायची संधी पहिल्यांदाच मिळत होती, आणि माझ्याकडे नवं व्हर्नियर होतं, मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजणारं. मी बाहेरच्या सांध्याचा खिळा काढला. मधोमध तो घासून चकचकीत झाला होता. तिथे तीन वेळा मोजलं, तिन्ही वेळा ५.६ मिलिमीटर आलं. डोक्याजवळ तो जरा जाड लागत होता, पण तिथे गंज आणि जुनं ग्रीस चिकटलेलं होतं. ते माप धरू नये असं मी ठरवलं. एका कागदावर ५.६ लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

काका खाटेवरून बघत होते. त्यांनी डावा हात पुढे केला, म्हणून मी खिळा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो बोटांत धरला आणि अंगठ्याचं नख मधल्या चकचकीत जागेवरून डोक्याकडे सरकवलं. पुन्हा मधे आणलं, पुन्हा सरकवलं. "न्... न्..." असं चार-पाचदा केलं. माझ्या हातातलं व्हर्नियरही त्यांनी ढकललं. मला वाटलं, त्यांच्याशिवाय दुसरं कुणी या वस्तूला हात लावतंय याचं त्यांना वाईट वाटतंय. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "काका, तुमच्यासारखाच घट्ट बसवतो. काळजी करू नका." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खिळा चादरीवर सोडून दिला. मग डाव्या हाताने आपला उजवा, जड झालेला हात उचलला आणि मांडीखाली घातला. त्यांना थंडी वाजत असेल म्हणून मी त्यांच्या पायांवर गोधडी ओढली.

शहापुरात एक लेथवाला ओळखीचा होता. त्याने कागद वाचला आणि विचारलं, "नमुना आणलाय का?" जुना खिळा मी घरीच ठेवला होता. माप होतं ना. मी त्याला म्हणालो, "माप एकदम अचूक आहे, डोळे मिटून करा." त्याने केलं. सुंदर खिळा होता, माझ्या व्हर्नियरवर बरोबर ५.६. संध्याकाळी मी तो बसवला, काकू उभ्या राहिल्या, दोन टक झाले. त्यांनी अंगणाला दोन फेऱ्या मारल्या. मी काकांकडे बघून मान हलवली. त्यांनी डोळे मिटून घेतले.

तो खिळा अकरा दिवस टिकला.

बाराव्या दिवशी सकाळी मी कामावर निघालो होतो तेव्हा काकांचा आवाज आला. तसा आवाज त्यांनी आधी कधी काढला नव्हता, एकसारखा, थांबायलाच तयार नाही. धावत गेलो तर काकू उंबऱ्याशी पडलेल्या, चहा सगळीकडे सांडलेला, आणि काका खाटेवरून अर्धे खाली लोंबकळत, डावा हात त्यांच्या दिशेने लांब केलेला. मधलं अंतर पाच फूटही नव्हतं. काकूंचं डावं मनगट मोडलं होतं.

काय झालं ते काकूंनी नंतर सांगितलं. त्या चुलीपुढच्या स्टुलावरून उठल्या. पहिला टक झाला. दुसरा झाला, पण बसका. त्यांनी तो झाला असं धरलं. पडवीतून काकांना फरक कळला आणि त्यांनी हाक मारली. "मना वाटला, हे खाटेवरना पडतात," काकू म्हणाल्या. "म्हनून मी धावली." त्या चौतीस वर्षांत कधी धावल्या नसतील. गुडघा मिटला आणि त्या खाली आल्या.

"थांब" एवढं एक सांगायला त्या माणसाने ओरडायला सुरुवात केली होती.

मनगटाला प्लास्टर घालून आणलं. मुलगी येऊन दहा दिवस राहिली. काकू पडल्या त्याच दिवशी मी रजा टाकली आणि काकांची हत्यारांची पेटी उघडली. त्यांच्या परवानगीशिवाय पहिल्यांदाच. आत एका तारेत कॅलिपरचे जुने खिळे ओवलेले होते. नऊ. सगळे मधे झिजून चकचकीत. मी मधे मोजलं, तर ५.५, ५.७, ५.६, असं काहीही. मग प्रत्येकाच्या डोक्याजवळचा गंज पॉलिशच्या कागदाने काढला आणि तिथे मोजलं. सहा. नऊच्या नऊ खिळे, डोक्याजवळ बरोबर सहा. तिथे तो खिळा पट्टीच्या बाहेर राहतो, घासत नाही, म्हणून त्याचं मूळ माप तिथेच शिल्लक असतं. काका नखाने मला तीच जागा दाखवत होते. मी झिजलेला खिळा मोजला आणि पुन्हा तसाच झिजलेला खिळा नवा करून आणला.

जुना खिळा नुसता मुठीत नेला असता तरी लेथवाल्याला ते दिसलं असतं.

हे मी काकूंना जसंच्या तसं सांगितलं. आकड्यांसकट. कारण ते न सांगता त्यांच्या घरात पाय ठेवणं मला जमलं नसतं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, प्लास्टरचा हात मांडीवर. त्या म्हणाल्या, "माप नाय चुकला तुजा. जागा चुकली." आणि एवढंच. त्यांनी मला दोष दिला असता तर सोपं झालं असतं. मग मी खाटेजवळ गेलो आणि काकांच्या डाव्या हातात एक जुना खिळा देऊन त्यांचं नख जिथे जायचं तिथे माझं बोट ठेवलं. इथे ना, काका? त्यांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायला मी उठलो नाही, कारण त्यांना ते आवडलं नसतं असं वाटलं. बरोबर केलं की चूक, ते आजही सांगता येत नाही.

या वेळी मी नमुना घेऊन गेलो. सहाचे चार खिळे करून आणले. पडवीत येऊन बसलो आणि पाना घ्यायला हात पुढे केला, तर काकूंनी तो आधीच उचललेला होता.

"तू बस मोजणीदारा," त्या म्हणाल्या. "हात खाली घाल."

मी खाली बसलो आणि हात मांड्यांखाली घातले.

त्यांनी कॅलिपर खाटेच्या कडेवर, काकांच्या शेजारी ठेवला. मग त्या काकांशी बोलल्या, माझ्याशी नाही. आवाज चढवला नाही. "आख्ख्या आळीला शिकवलात. ह्याच्या बायकोला पन शिकवलात. मना मातर पाय पुढं कर न बस. मी हाय ना, मी हाय ना." खिळा काकांसमोर धरून म्हणाल्या, "आता सांगा, कसा लावाचा."

काकांना सांगता येणार नव्हतं हे त्यांना माहीत होतं. तरी त्या उत्तराची वाट बघत बसल्या. काकांनी आधी तोंड भिंतीकडे फिरवलं. मग बऱ्याच वेळाने परत वळवलं.

काकूंचा उजवा हात चालत होता, काकांचा डावा. काकूंनी खिळा भोकात सरकवायचा, काकांनी अंगठ्याने त्याचं डोकं दाबून धरायचं, काकूंनी पलीकडून नट फिरवायचा. पहिल्यांदा खिळा पडला. दुसऱ्यांदा पट्ट्यांची भोकं एकमेकांवर येईनात. तिसऱ्यांदा नट तिरका चढला आणि काका "न्... न्..." करू लागले, तेव्हा काकूंनी तो उलटा फिरवून काढला. या वेळी त्यांना बरोबर कळलं. खिळा घरंगळत माझ्या पायाशी आला. मी हात काढणार, तेवढ्यात काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी पायाने तो त्यांच्याकडे सरकवला. माझं घड्याळ दिसत नव्हतं, ते मांडीखाली होतं. किती वेळ लागला हे मला म्हणूनच लिहिता येत नाही. बोटं बधिर झाली होती. हातांवर बसून राहणं इतकं अवघड असतं हे एकोणीस वर्षं बघूनही मला कळलं नव्हतं.

नट बसला. काकूंनी पट्टे बांधले, पडल्यानंतर आणलेली कुबडी घेतली, उठल्या. दोन टक झाले. त्या खाली बसल्या, नट सोडवला, खिळा काढला आणि पुन्हा पहिल्यापासून बसवायला घेतला. काकांनी न सांगता अंगठा पुढे केला.

श्रावणात दुसरा झटका आला आणि काका गेले. शेवटपर्यंत त्यांच्या तोंडून शब्द आला नाही. आळीतल्या माणसांनी जमेल ते सगळं केलं. दहाव्यानंतर त्यांची हत्यारांची पेटी मुलीने काकूंच्या खोलीत, खाटेखाली ठेवली. मुरबाडला चला असं तिने पुन्हा सांगितलं आणि चौदा पायऱ्यांचा विषय पुन्हा निघाला. काकू इथेच राहिल्या.

गेल्या आठवड्यात त्या आमच्या ओट्यावर आल्या, कॅलिपर सोडला आणि माझ्याकडे व्हर्नियर मागितलं. खिळा त्यांनी स्वतः काढला. डोक्याजवळ पकडून माप घेतलं, मधे घेतलं, आणि बदलायला झाला म्हणाल्या. जवळ नवा होताच. मग त्यांनी भोक माझ्यापुढे धरलं. "हा आतला माप मना घेता येत नाय. तू बघ. किती?"

वर्षापूर्वी त्या पडल्या तेव्हा मी ते मोजलं होतं, ६.३. तो सैल खिळा अकरा दिवस आत खडखडला, तेव्हा त्याने किती खाल्लं असेल ते मला ठाऊक नाही, आधीचं माप माझ्याकडे नाही. आता ६.५ भरलं. मी दोन्ही आकडे सांगितले.

काकूंनी बोटांवर मोजलं. "वर्साला पॉइंट दोन. आठ झाल्यावर पट्टी फाटंल म्हनायचं हे. म्हंजे साडेसात वर्सं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी बासष्टची. बास झाली की."

त्यांचा भागाकार बरोबर होता. पण भोक मोठं होईल तसा खिळ्याला आत खेळायला जास्त वाव मिळतो आणि पुढची झीज आधीपेक्षा लवकर होते. साडेसात वर्षं होत नाहीत. लेथवाल्याला मी कॅलिपर दाखवून आलोय. नवी पट्टी कापून देईन म्हणाला, पण हा पायाचा बाक त्याला जमणार नाही, आणि त्याचा नमुना म्हणजे हीच पट्टी. ती सोडून काकू चालू शकत नाहीत. किती वर्षं होतील याचा माझा एक अंदाज आहे. तो मी सांगितला नाही. हिशोब चुकतोय हे दिसत असून गप्प बसण्याची माझी ही पहिलीच वेळ.

"बास झाली," मी म्हणालो.

त्यांनी नवा खिळा घातला. डोकं दाबून धरायला आता त्या कॅलिपर ओट्याच्या दगडी कडेशी टेकवतात, दगड अंगठ्याचं काम करतो. नट फिरवला, पट्टे बांधले, जुना खिळा पदराच्या टोकात बांधून घेतला, घरी गेल्यावर तारेत ओवायला. कुबडी घेऊन त्या उठल्या आणि पाय सरळ केला. मी पायरीवर बसलो होतो. पहिला टक झाला. दुसरा होईपर्यंत मी हात मांड्यांखालून काढले नाहीत.